बाबासाहेबांची फी कोणी भरली?

(द्वितीय वर्ष, कला शाखा)

चौदा एप्रिल जवळ आला की आमच्या गावात मांडव पडतो. निळे झेंडे लागतात, लाउडस्पीकरवर भीमगीते सुरू होतात आणि संध्याकाळी भाषणे होतात. शाळेत असताना मीही पाच वर्षे भाषण केले. भाषण दरवर्षी एकच, गुरुजींनी लिहून दिलेले. महू येथे जन्म, वर्गात वेगळे बसून घेतलेले शिक्षण, परदेशातील पदव्या, महाडचे चवदार तळे, भारताची राज्यघटना आणि शेवटी माझे दोन शब्द संपले. टाळ्या पडत आणि मी खाली येऊन बसे. त्यातले 'परदेशातील पदव्या' हे शब्द मी एका दमात म्हणून टाकत असे. या दोन शब्दांच्या पोटात दहा वर्षे आहेत, एक करार आहे, एक कर्ज आहे आणि एका बाईचा संसार आहे, हे मला ठाऊक नव्हते. ते कळायला मला कॉलेजात यावे लागले आणि आमच्या घरात एक प्रसंग घडावा लागला. तो प्रसंग आधी सांगतो.

माझी आई गावच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी शिजवते. तिचे वय एकोणचाळीस. तिचे शिक्षण नववीत सुटले. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहेत. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेत होतो, त्याच सुमारास एका रात्री भाकरी थापता थापता आईने सांगितले की तिला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचे आहे. त्यासाठी तिने डाळीच्या डब्यात दोन हजार रुपये साठवले होते. मी हसलो. आता या वयात कशाला, असे म्हणालो. ती काही बोलली नाही. तव्यावरची भाकरी तेवढी तिने उलटली.

त्याच आठवड्यात माझी फी भरण्याची शेवटची तारीख आली. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यावर जमा झाले नव्हते. आधी भरा, मग मिळतील, एवढेच उत्तर मिळत होते. आईने डाळीचा डबा उघडला आणि ते दोन हजार रुपये माझ्या हातावर ठेवले. माझी फी भरली गेली. आईचा फॉर्म राहिला.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात 'कमवा आणि शिका' योजनेत काम करतो. पुस्तकांवरची धूळ झटकायची, परत आलेली पुस्तके जागेवर लावायची. असेच एक दिवस चरित्रांचे कपाट लावताना धनंजय कीर यांनी लिहिलेले बाबासाहेबांचे चरित्र हाती आले. उभ्या उभ्या चाळू लागलो आणि खाली बसून वाचू लागलो. नंतर खैरमोडे यांचे खंड वाचले, महाराष्ट्र शासनाने काढलेले भाषणांचे खंड पाहिले. मला एकाच प्रश्नाचे उत्तर हवे होते. एवढे मोठे शिक्षण झाले, त्याचे पैसे कोणी भरले?

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे लष्करी छावणीत झाला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करातील शाळेत मुख्याध्यापक होते. त्यामुळे घरात अक्षराची ओळख होती, पण पैसा नव्हता. पेन्शनीनंतर कुटुंब साताऱ्याला आणि पुढे मुंबईला आले. परळच्या चाळीत एकच खोली. त्या खोलीत स्वयंपाक, झोपणे, पाहुणे आणि अभ्यास. भीमरावांनी लवकर झोपावे, सुभेदारांनी रात्री दोनपर्यंत जागे राहावे आणि मग मुलाला अभ्यासाला उठवून त्याच्या जागी आपण अंग टाकावे, असा त्या घरचा रिवाज होता. भीमरावांना पुस्तक हवे असले आणि घरात पैसे नसले, तर सुभेदार लेकींच्या घरी जात. लेकींचे दागिने गहाण ठेवून पुस्तक आणीत आणि पेन्शन हाती आली की दागिने सोडवीत.

इथेच मला पहिले नाव सापडले. भीमरावांचे थोरले भाऊ आनंदराव. दोघेही शिकत होते. परंतु दोघांच्या शाळेचा खर्च त्या पेन्शनीत भागेना. तेव्हा आनंदरावांनी शाळा सोडली आणि रेल्वेच्या कारखान्यात नोकरी धरली. धाकटा एल्फिन्स्टन हायस्कुलात शिकत राहिला आणि १९०७ साली मॅट्रिक झाला. त्या काळी अस्पृश्य समाजातला मुलगा मॅट्रिक होणे ही केवढी गोष्ट! सत्काराची सभा भरली. आनंदरावांचा सत्कार कोणी केल्याचे मात्र मी कुठे वाचले नाही. या पानाशी मी बराच वेळ थांबलो. का थांबलो ते शेवटी सांगेन.

सत्काराच्या त्या सभेला कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजी होते. त्यांनी भीमरावांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे कॉलेजचा खर्च सुभेदारांना झेपेना, तेव्हा याच केळुसकरांनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती दिली. भीमराव बी.ए. झाले आणि १९१३ च्या जानेवारीत बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. जेमतेम काही दिवस जातात तोच वडील आजारी असल्याची तार आली. २ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदार गेले. ज्या माणसाने रात्री दोनपर्यंत जागून मुलाला शिकविले, त्याला मुलाची पुढची एकही पदवी पाहता आली नाही.

त्याच वर्षी सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेला पाठविण्याचे ठरविले. जून १९१३ मध्ये करार झाला. तीन वर्षे शिष्यवृत्ती मिळेल आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी लागेल. बावीस वर्षांचे भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तिथे त्यांना पहिल्यांदा माणसासारखे वागविले गेले. कोणी जात विचारीत नव्हते. त्यांनी तो काळ क्षणभरही वाया जाऊ दिला नाही. नाटक नाही, सिनेमा नाही. जुन्या पुस्तकांची दुकाने धुंडाळणे हीच चैन. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले, १९१६ मध्ये पीएच.डी.चा प्रबंध पुरा केला आणि त्याच वर्षी लंडनला जाऊन अर्थशास्त्र आणि कायदा या दोन्ही अभ्यासांना सुरुवात केली.

आणि शिष्यवृत्ती संपली! १९१७ साली अर्धवट शिक्षण टाकून त्यांना परतावे लागले. लंडनच्या विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची सवलत तेवढी दिली. पहिल्या महायुद्धाचे दिवस होते. त्यांचे सामान ज्या जहाजावर होते ते जहाज समुद्रात बुडाले. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर गेले. पुढे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. शिपाई दुरून फाइली फेकीत. राहायला घर मिळेना. पारशी वसतिगृहात नाव बदलून राहिले, तर ते उघडकीला येताच लाठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले. कोलंबियात शिकून आलेला हा विद्वान बडोद्याच्या बागेत झाडाखाली बसला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. करार असा मोडला. तो कोणी मोडला म्हणायचे, हे वाचकांनीच ठरवावे.

मुंबईला परतल्यावर शिकवण्या केल्या. व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय काढला, तो जात कळताच बंद पडला. शेवटी नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची नोकरी मिळाली. पगार महिना साडेचारशे रुपये. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

वाचक मित्रहो, इथे जरा थांबू या. वय अठ्ठावीस-एकोणतीस. एम.ए. झालेले. साडेचारशेची नोकरी. घरी पत्नी आणि मुलगा. आपल्यापैकी कोणीही म्हणाले असते की आता बस झाले, संसार करा. त्यांना तसे म्हणणारे लोक नसतील का? जे मी माझ्या आईला म्हणालो, तेच त्यांनाही कोणीतरी म्हणाले असेल. परंतु मार्च १९२० मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली आणि जुलैमध्ये पुन्हा विद्यार्थी होण्यासाठी लंडनची बोट धरली.

का? मी या प्रश्नाचा पुष्कळ विचार केला. नोकरीसाठी म्हणावे, तर नोकरी हातात होती. पदवीच्या हौसेसाठी म्हणावे, तर पदवी होती. एक कारण उघड आहे. लंडनने दिलेली चार वर्षांची मुदत संपत आली होती आणि अर्धे राहिलेले काम त्यांना टोचत होते. दुसरे कारण मला त्यांच्या त्या वर्षातल्या कामात दिसते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी 'मूकनायक' पाक्षिक सुरू केले होते. मार्चमध्ये कागल संस्थानातील माणगावच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविले होते आणि तिथे राजर्षी शाहू महाराजांनी सर्वांसमोर त्यांच्या नेतृत्वाचा गौरव केला होता. म्हणजे लढाई सुरू झाली होती. आणि सिडनहॅमसारख्या कॉलेजातही काही सहकारी प्राध्यापकांना त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावलेला चालत नव्हता! पगार मिळाला तरी माणूसपण मिळत नाही, हे त्यांनी अनुभवले होते. ज्यांच्याशी भांडायचे ते कायदा आणि अर्थशास्त्र जाणणारे होते. तेव्हा आपल्याला ते त्यांच्यापेक्षा अधिक आले पाहिजे. मोठे झाल्यावर माणूस शाळेकडे परत वळतो तो बहुधा यासाठीच. लहानपणी आपण दुसऱ्याने पाठवले म्हणून शाळेत जातो. मोठेपणी आपण जातो तेव्हा आपल्याला काय येत नाही, हे आयुष्याने दाखवून दिलेले असते.

आता फीचा हिशेब. यावेळी कोणा राजाची मोठी शिष्यवृत्ती नव्हती. प्राध्यापकी करताना काटकसरीने शिल्लक टाकलेले पैसे हा पहिला वाटा. कोलंबियापासूनचे पारशी मित्र नवल भथेना यांनी दिलेले पाच हजार रुपयांचे कर्ज हा दुसरा वाटा. शाहू महाराजांची मदत हा तिसरा. एवढ्यावर ते लंडनला गेले. तिथे सकाळी पावाचा तुकडा आणि चहासारखे काहीतरी पेय घेऊन ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात आणि ग्रंथालय बंद होईपर्यंत तिथेच बसत. दुपारच्या जेवणाला फाटा. रात्री भूक आवरेना की मित्राने दिलेले पापड भाजून खायचे आणि पुन्हा पुस्तक उघडायचे. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. बॅरिस्टर झाले. डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावर लिहिलेला प्रबंध परीक्षकांनी सुधारून मागितला. पैसे संपत आले होते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला आले, इथे बसून प्रबंध पुन्हा लिहून पाठवला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. ही पदवी मिळाली. तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते.

परंतु या हिशेबात चौथा वाटा राहिला. तो कोणत्याही पावतीवर नाही. तो रमाबाईंचा.

रमाबाई दापोलीजवळच्या वणंदच्या. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेले. १९०६ च्या सुमारास भायखळ्याच्या बाजारात, मासळीचे ओटे रिकामे झाल्यावर रात्री त्यांचे लग्न लागले. पती न्यूयॉर्कला असताना आणि लंडनला असताना त्या परळच्या चाळीतल्या दोन खोल्यांत संसार ओढीत होत्या. प्राध्यापक असतानाही बाबासाहेब त्यांच्या हाती घरखर्चाची ठरलेली रक्कम देत आणि उरलेले लंडनसाठी बाजूला ठेवीत. म्हणजे ती शिल्लक निम्मी रमाबाईंच्या पोटातून निघालेली होती. त्यांनी शेणाच्या गोवऱ्या थापून घर चालवल्याचे आमच्या घराघरांतून सांगतात. त्यांना पाच मुले झाली. यशवंत तेवढा जगला. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न ही चार लेकरे एकामागून एक गेली. २७ मे १९३५ रोजी त्या स्वतः गेल्या. पुढे पाकिस्तानवरील आपला इंग्रजी ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. बाबासाहेबांना हा चौथा वाटा ठाऊक होता, एवढे त्यावरून समजते. पण तो वाटा ते फेडू शकले नाहीत. कोणालाच तो फेडता येण्यासारखा नव्हता.

मला वाटते, बाबासाहेबांनी पुढे शिक्षणाच्या खर्चाविषयी जे केले त्याचे मूळ या हिशेबात आहे. केळुसकर गुरुजी भेटले, सयाजीराव भेटले, भथेनांसारखा मित्र भेटला, म्हणून एक भीमराव शिकला. ज्यांना कोणीच भेटले नाही त्यांचे काय?

१९२७ मध्ये ते मुंबई कायदेमंडळाचे सभासद झाले. त्या वर्षी १२ मार्चला शिक्षणाच्या अनुदानावर त्यांनी जे भाषण केले ते मी दोनदा वाचले. त्यात अलंकार नाहीत, आकडे आहेत. शाळेत घातलेल्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त अठरा पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात, असे त्यांनी दाखवले. शिक्षणाच्या प्रसाराची गती अशीच राहिली तर सगळे मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षे आणि सगळ्या मुली यायला तीनशे वर्षे लागतील, हेही सांगितले. मग त्यांनी पैशाचा प्रश्न घेतला. सरकार माणशी चौदा आणे शिक्षणावर खर्च करते आणि दारूच्या अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे लोकांकडून त्या वाटेने घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर घाला, अशी त्यांची साधी मागणी होती. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी छत्तीस टक्के विद्यार्थ्यांच्या फीतून निघतो, हे दाखवून त्यांनी याला शिक्षणाचा व्यापार ठरवले. खालच्या थरातील माणसे आता कुठे हायस्कूल आणि कॉलेजच्या दारात येत आहेत, अशा वेळी शिक्षण महाग करणे म्हणजे दार लावून घेणे होय, असा त्यांचा रोख होता. अर्थशास्त्राची डी.एस्सी. कशासाठी केली, याचे उत्तर मला या भाषणात मिळाले.

पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांचा प्रश्न सरकारपुढे लावून धरला. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी सरकारी शिष्यवृत्ती सुरू झाली. म्हणजे राजाच्या मर्जीची जागा नियमाने घेतली. ८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. या महाविद्यालयाची मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्याची वेळ. वर्ग सकाळी भरत. कारण दिवसभर कचेरीत, गिरणीत, दुकानात काम करणाऱ्या माणसाला शिकता यावे. फी माफ केली तरी कामाचा वेळ चुकवून शिकायला यावे लागले, तर गरिबाला ते परवडत नाही. त्याचा रोज बुडतो. ही गोष्ट ज्याने पोट बांधून शिक्षण घेतले त्यालाच सुचणार! १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, त्यांनी महाविद्यालय काढले. तेच आजचे मिलिंद महाविद्यालय. मराठवाड्यातील कितीतरी घरांतला पहिला पदवीधर तिथून बाहेर पडला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेब गेले. ही दारे मात्र उघडी राहिली.

हे सारे मी एका मित्राला सांगितले. तो म्हणाला, सरकारकडे पैसा थोडा, तो आधी लहान मुलांवर खर्चावा; चाळिशीच्या माणसाला शिकवून देशाला काय मिळणार? त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. आमच्या राज्यशास्त्राच्या तासाला आम्ही शिकलो की घटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे मार्गदर्शक तत्त्व घातले. २००२ च्या शहाऐंशीव्या दुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी तो मूलभूत हक्क झाला आणि २००९ मध्ये त्याचा कायदा आला. चांगलेच झाले. पण कायद्याचे वय चौदाला संपते. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेल्यांचे काय?

आता आनंदरावांच्या पानाशी मी का थांबलो ते सांगतो. माझ्या आईची शाळा पंधराव्या वर्षी सुटली. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे माझे मामा, तेव्हा शिकत होते. आजोबांना दोघांचा खर्च झेपेना. आईने दप्तर ठेवले आणि खुरपे घेतले. मामा शिकले, नोकरीला लागले. ते मनाने चांगले आहेत, दर दिवाळीला आईला साडी आणतात. आई ही आमच्या घरातली आनंदराव! एकदा तिने भावाची फी भरली आणि यंदा मुलाची. स्वतःची फी भरायची वेळ आली तेव्हा मी तिला वय विचारले.

म्हणून माझ्या मित्राला माझे उत्तर असे आहे. मोठेपणी शाळेकडे परत येणारा माणूस नव्याने काही मागत नसतो. त्याने बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाच्या शिक्षणाची किंमत आधीच मोजलेली असते. एका भीमरावामागे एक आनंदराव आणि एक रमाबाई असतात. शिकलेल्या भावाचा, शिकलेल्या मुलाचा फायदा साऱ्या समाजाला होतो. मग ज्याने त्यासाठी शाळा सोडली, त्याचे देणे समाजाने द्यायला नको का? आणि माझी आई काही कर चुकवत नाही. अंगाच्या साबणापासून वहीच्या पेनापर्यंत प्रत्येक वस्तूवर ती कर भरते. बाबासाहेबांनी १९२७ साली मांडलेला हिशेब तिलाही लागू आहे. सरकारने तिची फी भरावी. तिच्या सवडीच्या वेळी, तिच्या गावाजवळ वर्ग भरावा. तिला कामावर ठेवणाऱ्याने परीक्षेपुरती पगारी रजा द्यावी. आणि घरच्यांनी तिला वय विचारू नये. हा शेवटचा वाटा माझ्यासारख्यांचा आहे. त्याला एक पैसाही लागत नाही.

हे लिहिण्याआधी मी आईला विचारले की तिला दहावी का व्हायचे आहे. मला वाटले होते, नोकरीसाठी म्हणेल. ती म्हणाली की शाळेच्या पडवीत खिचडी ढवळताना आतले शिकवणे ऐकू येते. कविता ऐकू येतात, गणित ऐकू येते. पण फळा दिसत नाही. तिला फळा पाहायचा आहे. शिवाय बचतगटाचे हिशेब ती तोंडी करते आणि वहीत लिहिते दुसरीच बाई, हे तिला आवडत नाही.

मग आम्ही तिचा शाळा सोडल्याचा दाखला शोधला. पत्र्याच्या पेटीत, लग्नाच्या साडीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत तो जपून ठेवलेला होता. त्यावर शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना आहे. त्यात लिहिले आहे: सतत गैरहजर. आईने ते वाचले आणि दाखला घडी करून पुन्हा पिशवीत ठेवला. जी मुलगी त्या दिवसांत भावाच्या फीसाठी दुसऱ्याच्या बांधावर हजर होती, तिच्या नावापुढे कायमचे हे दोन शब्द!

गेल्या महिन्यापासून 'कमवा आणि शिका'चे मिळतील ते पैसे मी डाळीच्या डब्यात टाकतो आहे. नवा फॉर्म निघेपर्यंत दोन हजार होतील. रात्री जेवणे झाली की आम्ही दोघे बीजगणित घेऊन बसतो. माझेही बीजगणित कच्चेच, त्यामुळे कधी मी तिला सांगतो, कधी ती मला. वडील बाजेवर पडून ऐकतात. परवा त्यांनी एका उदाहरणाचे उत्तर आमच्या आधी सांगितले!

यंदाच्या चौदा एप्रिलला मला पुन्हा भाषणाला उभे केले, तर मी तेच भाषण करीन. मात्र 'परदेशातील पदव्या' म्हटल्यावर थोडा थांबेन आणि आनंदराव व रमाबाई यांची नावे घेईन. आई दरवर्षीप्रमाणे बायकांच्या घोळक्यात मागे बसलेली असेल. तिला मी पुढे येऊन बसायला सांगणार आहे.